टेबलावरचं एक्स्चेंज

गोंदियाचा एसटीडी कोड ०७१८२. जुन्या चकतीच्या फोनवरून हा कोड फिरवला, की तारेतला प्रवाह बरोबर अठ्ठावीस वेळा तुटायचा. शून्याला दहा वेळा, साताला सात, एकाला एक, आठाला आठ, दोनाला दोन. बोट काढलं की चकती स्प्रिंगच्या जोरावर मागे यायची आणि येताना सेकंदाला दहा या गतीने सर्किट तोडत-जोडत यायची. म्हणजे नुसत्या कोडला २.८ सेकंद, शिवाय दोन आकड्यांच्या मधली उसंत वेगळी. नागपुरातून, मुंबईतून गोंदियाला फोन लावणारी माणसं वर्षानुवर्षं हे करत होती. आपण बोटाने वीज तोडतो आहोत, हे त्यांतल्या फार थोड्यांच्या ध्यानात आलं असेल. पलीकडे मात्र ते तुटणं मोजायला कुणीतरी होतं. आधी खटखट करत सरकणारी यंत्रं, मग इलेक्ट्रॉनिक कार्डं. त्याला आपण एक्स्चेंज म्हणत आलो.

आता एक पेटी डोळ्यांसमोर आणा. दोन हातांत सहज मावेल एवढी. तिला पुढे फोनची दोन किंवा चार सॉकेटं. दोन साधे फोन त्यांत खोचा. एकाचा रिसीव्हर उचला, डायल टोन येतो. दुसऱ्याचा नंबर दाबा, तो वाजतो. उचला, बोलणं सुरू. बाहेरची एकही तार या पेटीला जोडलेली नाही. कंपनी नाही, बिल नाही, लाइनमन नाही. दोन्ही फोनना मात्र ठाम वाटत असतं की आपण खऱ्या एक्स्चेंजला जोडलेले आहोत. या पेटीला टेलिफोन लाइन सिम्युलेटर म्हणतात. एक्स्चेंजचं हुबेहूब सोंग आणणं एवढंच तिचं काम.

मला या पेटीचं वेड लागलं ते तिच्या मागच्या बाजूमुळे. अनेक सिम्युलेटरांच्या पाठीला नऊ पिनांचं एक सॉकेट असतं. त्यातून एक केबल संगणकात जाते. संगणकावर काळा पडदा उघडतो, त्यावर एक चौकोनी ठिपका लुकलुकत राहतो. तुम्ही काही अक्षरं टाइप करता, एंटर दाबता आणि पेटीतलं एक्स्चेंज बदलून जातं. आता त्याची घंटी वेगळी, टोन वेगळा, तारेची ताकद वेगळी. क्षणापूर्वी ते अमेरिकेतलं होतं, आता गोंदियातलं झालं. नुसत्या लिहिण्याने.

हे कसं होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. पण आधी ही पेटी लागते कुणाला, ते सांगितलं पाहिजे. जो फोनचं यंत्र बनवतो किंवा दुरुस्त करतो, त्याला. फॅक्स, मोडेम, ऑफिसातला इंटरकॉम, चोरी झाली की आपोआप फोन लावणारा अलार्म, अशा सगळ्यांची परीक्षा कुठेतरी घ्यावी लागते. खऱ्या लाइनवर ती नीट घेता येत नाही, कारण खरी लाइन आपलं ऐकत नाही. एक्स्चेंजला फोन करून ‘घंटीचा जोर जरा कमी करून पाठवा, आमचं यंत्र तेवढ्यावर वाजतं का बघायचं आहे’ असं सांगायची सोय नसते. पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ आठवा. आतल्या मीटरवर लाल आकडे सरकायचे, आणि ते पलीकडच्या माणसाने फोन उचलल्यावरच सरकायला लागायचे. त्या मीटरला हे कळायचं कसं? एक तर उचलल्याच्या क्षणी एक्स्चेंज दोन तारांची ध्रुवता उलटी करायचं, म्हणजे धन तार ऋण व्हायची आणि ऋण धन. किंवा तारेवरून १६ किलोहर्ट्झचे, बोलणाऱ्याला ऐकू न येणारे ठोके पाठवले जायचे. असं मीटर बाजारात आणण्याआधी त्याला हजार वेळा फसवून बघावं लागतं. उचलला, नाही उचलला, अर्धवट उचलून ठेवला. फसवायला पेटीच हवी.

आता सोंग कशाचं आणायचं ते पाहू. फोनची लाइन म्हणजे तांब्याच्या दोन तारा. फोन ठेवलेला असताना त्या दोन तारांमध्ये ४८ व्होल्टचा दाब असतो. हा ४८ आकडा येतो एक्स्चेंजमधल्या बॅटरीतून: शिशाचे दोन-दोन व्होल्टचे चोवीस सेल एकापुढे एक. विदर्भातल्या लोडशेडिंगच्या दिवसांत घरात अंधार असूनही फोन चालू राहायचा, तो या चोवीस सेलांच्या जिवावर. फोनची वीज घरातली नव्हतीच, ती तारेतूनच यायची. आणि हा दाब ऋण असतो, उणे ४८. बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलेलं असतं. तसं का? ओल्या जमिनीत केबलमधून थोडी वीज झिरपतेच. तार धन असेल, तर झिरपणाऱ्या विजेबरोबर तांबं हळूहळू विरघळून जातं. ऋण असेल, तर ते वाचतं. एका वजाच्या चिन्हामागे जमिनीखाली पुरलेल्या हजारो किलोमीटर तांब्याची काळजी आहे. मला हे कळलं तेव्हा त्या अनाम इंजिनिअरांना मनातल्या मनात नमस्कार केला.

फोन ठेवलेला असतो तेव्हा तारेतून वीज वाहत नाही. रिसीव्हर उचलला की आतलं बटण वर येतं, दोन तारा फोनमधून एकमेकींना जोडल्या जातात आणि साधारण २० ते ४० मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो. एक्स्चेंजला एवढंच हवं असतं. प्रवाह आला म्हणजे माणूस आला. लगेच ते डायल टोन सोडतं: बोला, ऐकतोय.

डायल टोन हा या सगळ्यातला माझा सर्वांत लाडका भाग. भारतातला डायल टोन ४०० हर्ट्झचा असतो, पण सरळ ४०० चा नाही. त्या ४०० च्या स्वराचा जोर सेकंदाला २५ वेळा कमीजास्त केलेला असतो. म्हणून तो शिट्टीसारखा सुळसुळीत न येता, गोंदियातल्या एखाद्या भातगिरणीचा पट्टा लांबून ऐकावा तसा घरघरत येतो. गणिताने पाहिलं तर या घरघरीत तीन शुद्ध स्वर दडलेले असतात: ३७५, ४०० आणि ४२५ हर्ट्झ. टेलिफोनवाले हे सगळं ‘४००*२५’ एवढ्यात लिहितात. मधली ती चांदणी म्हणजे ‘या स्वराला त्या स्वराने हलव’.

पुढची गंमत अशी, की एंगेज टोनही ४०० हर्ट्झचाच. तो न हलवता, सरळ. पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. पलीकडचा माणूस बोलण्यात गुंतलेला असेल तर हा. आणि माणूस मोकळा आहे पण त्याच्यापर्यंत जाणारे रस्तेच भरलेत, असं असेल तर तोच ४०० हर्ट्झ पाव सेकंद वाजून पाव सेकंद थांबतो. तिप्पट लगबगीने. स्वर एकच, ‘तो बोलतोय’ आणि ‘वाट बंद आहे’ यांतला फरक फक्त लयीचा. दिवाळीच्या सकाळी फोन लावताना ती घाईची टुक्टुक् ज्यांनी ऐकली आहे, त्यांच्या कानांना हे आधीपासून ठाऊक आहे.

घंटीची लयही ठरलेली. ०.४ सेकंद वाज, ०.२ थांब, पुन्हा ०.४ वाज, मग २ सेकंद गप्प. ट्रिंग-ट्रिंग, मग शांतता. एक फेरा तीन सेकंदांचा, मिनिटाला वीस. ही लय आपल्याकडे आली इंग्रजांच्या टेलिफोनबरोबर. ब्रिटनची घंटी आजही याच मापाची आहे. अमेरिकेत दोन सेकंद वाजते आणि चार सेकंद थांबते. अमेरिकन सिनेमात फोन वाजताना काहीतरी परकं, लांबलचक वाटतं ना, ते यामुळे. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं ते जानेवारी १८८२ मध्ये. तेव्हापासून कितीतरी यंत्रं आली नि मोडीत निघाली, पण ट्रिंग-ट्रिंगचा जोडठोका आपण सोडला नाही.

आणि एक गोष्ट, जी कळल्यावर मी फोनकडे पुन्हा पहिल्यासारखं पाहू शकलो नाही. तुम्ही फोन लावता आणि कानात ट्रिंग-ट्रिंग ऐकता, तो पलीकडच्या घरातल्या घंटीचा आवाज नसतो. पलीकडे एक्स्चेंज ७५ व्होल्टची, सेकंदाला २५ वेळा दिशा बदलणारी वीज पाठवत असतं. त्या विजेने घंटीचा टोला हलतो. तुमच्या कानात मात्र ते एक वेगळा, हलका, घरघरता ४०० चा स्वर सोडत असतं, तुम्हाला धीर द्यावा म्हणून. दोन आवाज दोन वेगळ्या ठिकाणी तयार होतात. दोघांची वेळ जुळलेली असेलच असंही नाही. म्हणून कधीकधी ‘मला एकच रिंग ऐकू आली आणि तू उचललास’ असं होतं, तर उचलणारा म्हणतो, ‘अरे, दोनदा वाजला.’ दोघंही खरं सांगत असतात. सिम्युलेटरमध्ये हे दोन आवाज दोन वेगळ्या ओळींत लिहावे लागतात. एक ओळ बदलली, दुसरी विसरली, की टेबलावरचा फोन एका लयीत वाजतो आणि लावणाऱ्याला दुसरीच लय ऐकू येते.

ही ७५ व्होल्टची वीज चांगलीच बोचरी असते. तिचं टोक १०६ व्होल्टांपर्यंत जातं, आणि खाली ४८ आहेतच. डीपी बॉक्समध्ये, म्हणजे तारा जिथून घराघरांत जातात त्या पेटीत, हात घातलेला असताना कुणाचा तरी फोन वाजला, तर लाइनमनला ते हाताने कळायचं. आता विचार करा, तुम्ही रिसीव्हर उचलून कानाला लावता तेव्हा ती वीज तारेत चालूच असते. तरी कानाला काही होत नाही, कारण उचलल्याबरोबर जो सरळ प्रवाह वाहू लागतो, तो त्या उलटसुलट विजेच्या गर्दीतून एक्स्चेंज ओळखून काढतं आणि क्षणार्धात घंटी तोडतं. दर फोनला, दर वेळी. याला रिंग ट्रिप म्हणतात. पेटीलाही हे करावं लागतं, नाहीतर सोंग उघडं पडतं.

आकडे ओळखण्याचं कामही तिचंच. चकतीचे ठोके वर आलेच. बटणांच्या फोनमध्ये प्रत्येक आकड्याला दोन स्वर एकदम वाजतात. आडव्या ओळींचे चार स्वर: ६९७, ७७०, ८५२, ९४१ हर्ट्झ. उभ्या ओळींचे १२०९, १३३६, १४७७. गोंदियाचा कोड या भाषेत असा: शून्य म्हणजे ९४१ आणि १३३६, सात म्हणजे ८५२ आणि १२०९, एक म्हणजे ६९७ आणि १२०९, आठ म्हणजे ८५२ आणि १३३६, दोन म्हणजे ६९७ आणि १३३६. हे आकडे विचित्र दिसतात ते मुद्दाम. यांतला कुठलाही स्वर दुसऱ्याच्या पटीत येत नाही. दोघांची बेरीज किंवा वजाबाकी तिसऱ्याशी जुळत नाही. माणसाच्या आवाजात पटीतले स्वर भरपूर असतात, म्हणून बोलता बोलता चुकून ‘सात’ वाजू नये याची ही तजवीज. १९६३ मध्ये अमेरिकेत बेल कंपनीने हे फोन विकायला काढले. रेल्वेच्या कंट्रोल फोनवरही हीच स्वरजोडी वापरात आली. हावडा-मुंबई मार्गावरच्या गोंदियासारख्या जंक्शनच्या आसपास एकाच तारेवर कितीतरी स्टेशनं बसलेली असतात. कंट्रोलरला त्यांतल्या एकाच स्टेशन मास्तरला हाक मारायची असते. प्रत्येक स्टेशनला आपला आकडा, आणि आपला आकडा ऐकला की तेवढंच यंत्र वाजतं.

आता मागच्या बाजूची केबल. पेटीशी बोलण्याची ही रीत, आरएस-२३२, ठरवली गेली १९६० मध्ये. नऊ पिनांपैकी तीन तारांवर भागतं: एक जाण्याची, एक येण्याची, एक जमिनीची. इंग्रजी ‘जी’ हे अक्षर पाठवायचं आहे समजा, गोंदियाचं पहिलं. संगणकाच्या यादीत त्याचा नंबर ७१. काही बोलणं नसतं तेव्हा तार ऋण दाबावर निवांत असते. अक्षर सुरू होतंय हे सांगायला ती एकदा धन होते. मग ७१ चे आठ तुकडे, मागून पुढे: एक, एक, एक, शून्य, शून्य, शून्य, एक, शून्य. शेवटी पुन्हा ऋण, म्हणजे ‘संपलं’. एकूण दहा तुकडे. ९६०० या नेहमीच्या वेगाने प्रत्येक तुकड्याला सेकंदाचा सुमारे दहा हजारावा भाग मिळतो. अख्खं अक्षर एक मिलिसेकंदात पार. दोघांमध्ये सामायिक घड्याळ नसतं. पेटी सुरुवातीच्या उसळीवरून आपलं घड्याळ जुळवते आणि प्रत्येक तुकड्याच्या मधोमध डोकावून बघते: धन की ऋण? पुढच्या अक्षराला पुन्हा नव्याने जुळवते.

म्हणून पहिल्यांदा जोडणाऱ्याच्या पडद्यावर बहुतेक वेळा कचराच उमटतो. संगणक ९६०० ने बोलतोय आणि पेटी २४०० ने ऐकतेय, म्हणजे ती भलत्याच क्षणी डोकावतेय. वेग जुळवला की कचऱ्याच्या जागी एकदम स्वच्छ शब्द येतात. कधी काहीच उमटत नाही, कारण दोघांच्या बोलण्याच्या तारा समोरासमोर आल्या आहेत आणि ऐकणारं कुणी नाही. दोन आणि तीन नंबरच्या तारा एकमेकींत फिरवल्या की बोलणं सुरू. आणि जेव्हा ते सुरू होतं तेव्हा बघण्यासारखी गोष्ट ही, की तुम्ही दाबलेलं अक्षर पडद्यावर तुमच्या संगणकाने लिहिलेलं नसतं. ते तारेतून पेटीपर्यंत गेलं, पेटीने ते वाचलं आणि परत पाठवलं, तेव्हा ते उमटलं. पडद्यावरचं प्रत्येक अक्षर ही पेटीने दिलेली पोच आहे. जोडणी तुटली की टाइप करत राहा, पडदा कोराच राहतो.

पुढचं सोपं आहे. काही पेट्या आकड्यांची यादी दाखवतात: टोन बदलायला अमुक दाबा, घंटी बदलायला तमुक. काहींना छोटे शब्द लागतात. कुठला टोन, किती हर्ट्झ, किती मिलिसेकंद चालू, किती बंद. घंटीचे व्होल्ट. पहिल्या सॉकेटचा नंबर, दुसऱ्याचा नंबर. ध्रुवता उलटायची की नाही. कॉलर आयडी पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मध्ये पाठवायचा की आधी. एंटर. पेटी ‘ओके’ म्हणते. शेवटी हे सगळं जपून ठेवण्याचा हुकूम द्यायचा, नाहीतर वीज गेली की लिहिलेलं गेलं. आणि खऱ्या सार्वजनिक लाइनला ही पेटी कधीही जोडायची नाही; दोन्हीकडून ४८ व्होल्ट समोरासमोर आले तर काहीतरी जळतंच.

रंगीत बटणांचा पडदा असताना आजही हे काळ्या पडद्यावर का करायचं? कारण लिहिलेलं पुन्हा वाचता येतं, पुन्हा पाठवता येतं. गोंदियाच्या एक्स्चेंजचं वर्णन वीसेक ओळींच्या फाइलीत बसतं. ती फाइल रात्री लावून ठेवली, तर सकाळपर्यंत संगणक पाचशे वेळा फोन लावून, ठेवून, निकाल लिहून ठेवतो. आणि १९९० च्या दशकातली पेटी आजच्या लॅपटॉपशी यूएसबीच्या छोट्या जोडाने बिनतक्रार बोलते. विंडोज एक्सपीपर्यंत हायपरटर्मिनल नावाचा प्रोग्रॅम संगणकातच असायचा. आता लोक पुट्टी वापरतात. भाषा बदललेली नाही.

या भाषेला मागे फार लांबचा वंश आहे. वेग मोजायला ‘बॉड’ म्हणतात, ते तारयंत्राचा फ्रेंच कारागीर एमिल बोदो याच्या नावावरून. त्याने आपल्या यंत्राचं पेटंट १८७४ मध्ये घेतलं. ओळ संपवणारे दोन संकेत, १३ आणि १०, म्हणजे टेलिप्रिंटरचा गाडा डावीकडे परत आणणं आणि कागद एक ओळ वर सरकवणं. गाडा गेला, कागद गेला, संकेत राहिले. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा आपण हळहळलो. पण अक्षरं एकेक करून तारेतून पाठवण्याची तिची रीत या केबलमध्ये जशीच्या तशी चालू आहे. पेटीच्या मागे तारयंत्राचा वंशज आणि पुढे टेलिफोन. एकोणिसाव्या शतकातली दोन भावंडं. एक अक्षरं वाहणारं, एक आवाज वाहणारं. आणि अक्षरं आवाजाला सांगतात, कसं वागायचं.

लाइन सिम्युलेटरचा आणखी एक प्रकार आहे, तो एक्स्चेंजचं सोडून तारेचंच सोंग आणतो. मला तो जास्त भावतो, कारण त्यात अंतर आहे. सालेकसा किंवा देवरी तालुक्यातली जंगलातली एखादी वस्ती घ्या, एक्स्चेंजपासून पाच किलोमीटर. अर्धा मिलिमीटर जाडीची तांब्याची तार जाऊन-येऊन किलोमीटरला सुमारे १७५ ओहम अडवते. पाच किलोमीटरला ८७५. त्यात एक्स्चेंजचे ४०० आणि फोनचे साधारण २०० मिळवा. ४८ व्होल्ट भागिले हे सगळं, म्हणजे साडेबत्तीस मिलिअँपिअर. फोन चालेल. आता मे महिना आणा. पारा ४५ वर. वीस अंशांवरून ४५ वर जाताना तांब्याचा विरोध सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. म्हणजे उन्हाळ्यात ते गाव एक्स्चेंजपासून अर्धा किलोमीटर लांब जातं, निदान विजेच्या हिशेबाने. मग पावसाळा, जॉइंटमध्ये पाणी, दोन तारांमध्ये झिरप आणि कानात खरखर.

हे सगळं पेटीत कसं येतं? आत तारेच्या छोट्या छोट्या लांबीइतके विरोध, वेटोळी आणि कपॅसिटर यांचे तुकडे मांडलेले असतात, आणि प्रत्येक तुकड्याला एक रिले, म्हणजे विजेने हलणारा खटका. टर्मिनलवर, म्हणजे त्याच काळ्या पडद्यावर, लांबी टाइप करून एंटर दाबलं की आतून रिलेंची टकटक ऐकू येते आणि तेवढी तार टेबलावर अंथरली जाते. ब्रॉडबँडचे मोडेम अशाच पेट्यांवर पारखले गेले. बोलण्याला ३०० ते ३४०० हर्ट्झ पुरतात आणि ते पाच किलोमीटर तग धरतात. एडीएसएलला, म्हणजे तांब्याच्या तारेवरच्या ब्रॉडबँडला, ११ लाख हर्ट्झपर्यंतचे स्वर लागतात आणि ते लांब तारेत वाटेतच विरतात. तालुक्याच्या गावात धावणारं इंटरनेट वस्तीवर का पोचत नव्हतं, याचं उत्तर या टकटकीत आहे.

तांत्रिक वस्तूंना हवापाणी कळावं लागतं, हे आपल्याकडे ज्यांनी ओळखलं, त्यांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. ऑगस्ट १९८४ मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने सी-डॉट ही संस्था उभी राहिली. बाहेरची एक्स्चेंजं थंडगार खोलीत ठेवावी लागत. सी-डॉटने गावासाठी १२८ पोर्टांचं असं एक्स्चेंज बनवलं, की ते एअर कंडिशनरशिवाय, धुळीत आणि उकाड्यात चालावं. पहिलं बसलं १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला. नंतर देशभरातल्या हजारो गावांत हीच एक्स्चेंजं गेली. त्यांच्या मोठ्या भावंडांना नवा ग्राहक जोडायचा असो की कुणाची एसटीडी सुरू करायची असो, कर्मचारी टर्मिनलपुढे बसून हुकूम टाइप करत. म्हणजे खरं एक्स्चेंजही काळ्या पडद्यावरच्या अक्षरांनीच चालत होतं. सोंग आणि खरं यांना एकच भाषा कळत होती.

आता तर त्यांच्यातली रेषाच पुसली गेली आहे. तांब्याच्या तारा जाऊन फायबर येतंय. फायबरमधून प्रकाश जातो. ४८ व्होल्ट जात नाहीत, ७५ व्होल्टची घंटी जात नाही, ४०० हर्ट्झचा टोनही जात नाही. तरी फायबरच्या घरात लँडलाइन उचलली की डायल टोन येतोच. येतो कुठून? भिंतीवरच्या त्या छोट्या डब्यातून. फायबरचं टोक ज्यात येतं, त्या डब्याला फोनचं एक सॉकेट असतं, आणि त्या सॉकेटपुरता तो डबा एक्स्चेंजचं सोंग आणतो. दाब तो देतो, घंटी तो वाजवतो, टोन तो गातो. दूरच्या केंद्राकडून त्याला फक्त निरोप येतात. चाचणीच्या टेबलावरची पेटी अशी आपल्या घरात येऊन बसली आणि तेच आता खरं एक्स्चेंज आहे. एकच गोष्ट बदलली: चोवीस सेल आता तारेच्या टोकाला नाहीत. घरातली वीज गेली की हा फोनही जातो. त्याला छोटा इन्व्हर्टर जोडून ठेवावा, एवढं मी प्रत्येकाला सांगेन.

आपण कुठल्या देशात आहोत ते हे डबे कसं ओळखतात? लिहून दिलं म्हणून. अमेरिकेतल्या मार्क स्पेन्सरने १९९९ मध्ये अ‍ॅस्टरिस्क नावाचं, संगणकालाच एक्स्चेंज बनवणारं सॉफ्टवेअर लिहिलं. ते कुणालाही फुकट घेता येतं. त्यात देशोदेशींच्या टोनांची एक साधी मजकुराची फाइल आहे, आणि तिच्यात भारताच्या नावापुढे आपला डायल टोन लिहिलेला आहे: ४००*२५. खाली एंगेज, ७५० आणि ७५० मिलिसेकंद. खाली घंटी, ४००, २००, ४००, २०००. पूर्वेला राजनांदगाव, उत्तरेला बालाघाट, मध्ये गोंदिया. मराठी, हिंदी, छत्तीसगढी, पोवारी, गोंडी बोलणाऱ्या या सगळ्या मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या जे एकसारखं ऐकलं, ते चार ओळींत.

गोंदियात किंवा कुठेही, तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: ही फाइल उघडून वाचा, आणि जुन्या संगणकावर अ‍ॅस्टरिस्क चढवून स्वतःचं एक्स्चेंज उभं करा. ज्यांच्या घरी फायबर आहे आणि माळ्यावर जुना फोन पडून आहे, त्यांनी तो भंगारात देऊ नये. पुसून घ्या, डब्याच्या फोनच्या सॉकेटात खोचा आणि मोबाइलवरून लँडलाइनचा नंबर लावा. चकतीने नंबर फिरवणं सगळ्याच डब्यांना कळत नाही, पण फोन आला तर जुनी घंटी बहुधा वाजते.